पाठीवरचें बिऱ्हाड आणि थकलेले घट

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे बहुधा कींव किंवा थट्टा करण्याच्या हेतूनें योजली जाते. ज्याची बदली दर दोन वर्षांनीं ठरलेली, ज्याच्या वळकटीची दोरी कधीं सैल म्हणून होत नाहीं, अशा माणसास उद्देशून ती म्हणावयाची. परंतु अमेरिकेंत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणें ही हौसेची बाब मानणारा एक मोठा वर्ग आहे. तिकडे ज्यास पिकअप ट्रक म्हणतात, त्या मालवाहू मोटारीच्या उघड्या हौद्यांत एक तयार खोली सरकवून बसवावयाची, चारी कोपऱ्यांशीं ती घट्ट जखडावयाची, आणि मग वाटेल त्या डोंगराची वाट धरावयाची, असा हा प्रकार आहे. या खोलीस ट्रक कॅम्पर असें नांव आहे. तींत गॅसची चूल, पाण्याची टांकी, शीतकपाट, थंडीसाठीं भट्टी, चालकाच्या टपावर पुढें आलेल्या भागांत बिछाना, आणि दिवसा जेवणाचें टेबल व रात्रीं पलंग होणारी बैठक, इतका संसार मांडलेला असतो. मुक्कामाला पोंचल्यावर ही खोली तिच्या चार पायांवर उभी करून खालून मोटार मोकळीही करतां येते.

सुप्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनीं इ. स. १९६० मध्यें आपल्या कुत्र्यास बरोबर घेऊन अशाच वाहनांतून स्वदेशाचा प्रवास केला, आणि त्याचें वर्णन १९६२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. आपल्या वाहनास त्यांनीं डॉन क्विक्झोटच्या घोड्याचें नांव दिलें होतें. तें वाहन कॅलिफोर्नियांतील सॅलिनस या त्यांच्या जन्मगांवीं संग्रहालयांत आज जतन करून ठेवलें आहे.

कादंबरीकारास घोड्याचें नांव पुरलें. सामान्य प्रापंचिकास मात्र अशा बिऱ्हाडाचा प्राण कोठें असतो, याची माहिती करून घेणें भाग पडतें. तो इंजिनांत नसतो, गॅसच्या टांकींतही नसतो. खोलीच्या एका कोपऱ्यांतील लहानशा कप्प्यांत ठेवलेल्या दोन जड पेट्यांत तो असतो. त्या पेट्या म्हणजे विद्युद्घट, अर्थात् बॅटऱ्या. प्रवासाच्या ऐन मध्यावर त्या थकल्या तर काय होतें, आणि परक्या मुलुखांत त्या कशा बदलाव्या लागतात, हें आम्हांस गेल्या वर्षीं प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. ती हकीकत व तिच्या अनुषंगानें मिळालेली माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे. इन्व्हर्टर आज आपल्याकडेही अनेक घरांत शिरला असल्यामुळें तिचा उपयोग केवळ प्रवाशांसच होईल, असें नाहीं.

आमचे चिरंजीव कोलोरॅडो संस्थानांतील डेन्व्हर येथें नोकरीस आहेत. त्यांनीं एक कॅम्पर जुनाच विकत घेतला होता. सूनबाई व नातू शाळेमुळें घरीं राहिलीं, आणि चिरंजीव, आमची सौ. व आम्ही असे तिघे सप्टेंबरच्या मध्यास निघालों. वाट पश्चिमेची होती. ११,००० फुटांहून अधिक उंचीवरील आयसेन्हॉवर बोगद्यांतून रॉकी पर्वत ओलांडावयाचा. ग्रँड जंक्शन मागें टाकून यूटामध्यें शिरावयाचें. ग्रीन रिव्हर ते सलायना या टप्प्यांत तर शंभरावर मैल पेट्रोलसुद्धां मिळत नाहीं. तेथून डेल्टा, आणि डेल्टापासून ५० क्रमांकाच्या महामार्गानें नेवाडाची हद्द. या महामार्गाच्या नेवाडांतील भागास १९८६ सालीं ‘लाइफ’ मासिकानें अमेरिकेंतील सर्वांत एकाकी रस्ता म्हणून हिणविलें होतें. तेथील लोकांनीं त्या निंदेचेंच भूषण करून तशा पाट्या रस्त्याच्या कडेला लावल्या आहेत.

आतां या घटांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. अशा वाहनांत दोन जातींचे घट असतात. एक इंजिनाचा. त्याचें काम क्षणभराचें, परंतु जोराचें. किल्ली फिरवितांच शेंकडों ॲम्पिअरचा प्रवाह देऊन इंजिन हालवावयाचें आणि मग स्वस्थ बसावयाचें. त्यासाठीं त्यांत पातळ व पुष्कळ पत्रे असतात. दुसरे घट घराचे. यांचें काम संथ, परंतु दीर्घ. दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांना रात्रभर थोडथोडी वीज पुरवावयाची. त्यांचे पत्रे जाड असतात. पहिल्यास पैलवान म्हणावें आणि दुसऱ्यास पाणक्या. पैलवानास पाणी भरावयास लावलें, तर तो लौकर मोडतो. घरच्या कामाला इंजिनाची बॅटरी जोडूं नये असें जाणते लोक सांगतात, त्याचें कारण हें आहे.

शिशाचा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं तयार केला, आणि १८८१ मध्यें त्याचाच देशबांधव कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ति काढून त्यांत मोठी सुधारणा केली. मूळ कल्पना तेव्हांपासून आजतागायत तीच आहे. पातळ केलेल्या गंधकाम्लांत एक पत्रा शुद्ध शिशाचा व एक शिशाच्या ऑक्साइडचा ठेवला, कीं त्या दोहोंमध्यें सुमारें २ व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. असे सहा घर एकापुढें एक जोडले म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी होते. वीज खर्च होत जाते तसतसें दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमत जातें व अम्ल पाणचट होतें. बाहेरून वीज भरली, कीं ही क्रिया उलटते व सल्फेट पुन्हां विरघळतें. पूर्ण भरलेली व विसावलेली बॅटरी सुमारें १२.७ व्होल्ट दाखविते, अर्धी झाली कीं सुमारें १२.२, आणि १२ च्या खालीं गेली म्हणजे तिच्यांत फारसें कांहीं उरलें नाहीं असें समजावें.

हें चक्र अनंतकाळ चालतें ना! पण तसें होत नाहीं. घट अर्धवट रिता ठेवून महिनेच्या महिने विसरला, तर सल्फेटाचे कण कठीण होऊन बसतात आणि मग ते कितीही वीज भरली तरी विरघळत नाहींत. पत्र्याचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. वाहन उभें आहे, सर्व दिवे बंद आहेत, अशी समजूत असते. परंतु विषारी वायूची सूचना देणारें यंत्र व आणखी एकदोन बारीक वस्तु अहोरात्र वीज चाखीत असतात. हिंवाळाभर अंगणांत उभ्या राहिलेल्या वाहनाचे घट अशा रीतीनें वापरावांचूनच म्हातारे होतात. चिरंजीवांच्या कॅम्परचे घट पूर्वीच्या मालकाकडून वाहनाबरोबरच आलेले होते, आणि त्यांचें वय किती हें सांगणारें कोणी नव्हतें.

नेवाडाच्या पूर्व सीमेलगत, बेकर या चिमुकल्या गांवाजवळ, ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान आहे. १३,०६३ फूट उंचीचें व्हीलर शिखर त्यांत येतें. त्याच्या उतारावरील वनांत, ७,५०० फुटांहून अधिक उंचीवर, आम्हीं मुक्काम केला. उद्यानांतील तळांवर विजेची जोडणी नसते. प्रत्येकानें आपापल्या शिदोरीवर राहावयाचें. आमच्या सौ.स निद्रेंत श्वास खंडित होण्याचा विकार आहे. त्यासाठीं सीपॅप नांवाचें यंत्र ती रोज लावून निजते. तें नाकावरील मुखवट्यांतून हलक्या दाबाची हवा देतें व श्वासमार्ग मिटूं देत नाहीं. तें यंत्र इन्व्हर्टरवर चाले, आणि इन्व्हर्टर त्या दोन पेट्यांवर.

रात्रीं दीड वाजण्याच्या सुमारास इन्व्हर्टरनें कर्कश शीळ घातली आणि यंत्र बंद पडलें. पाठोपाठ भट्टीचा पंखाही मंदावला. गॅसची टांकी भरलेली असूनही भट्टी पेटेना. याचें कारण मोठें मौजेचें आहे. भट्टींत पातळ पत्र्याचें एक पान असतें; पंख्याचा वारा त्यावर पुरेशा जोरानें आदळून तें सरकलें तरच गॅस सुटतो, एरवीं नाहीं. घट थकला, कीं पंखा फिरतो, परंतु पान सरकविण्याइतका वारा निघत नाहीं. मग भट्टी पुन्हां पुन्हां प्रयत्न करते आणि उरलीसुरली वीजही संपविते. बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी होती.

सौ. उठून बसली व म्हणाली, “अहो, गॅसची शेगडीच पेटवूं या कीं घटकाभर.”

चिरंजीव वरून खालीं उतरत म्हणाले, “आई, तें मात्र नको. एवढ्याशा बंद खोलींत तो वायु साठला, तर आपल्याला कळायचेंही नाहीं.”

तें बरोबरच होतें. चुलीच्या ज्वालेनें बंद जागेंतील प्राणवायु कमी होतो व कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. त्याची सूचना देणारें यंत्रही त्याच थकलेल्या घटांवर अवलंबून होतें. मोटारीचें इंजिन रात्रभर चालू ठेवण्याचा विचारही याच कारणास्तव सोडून द्यावा लागला, कारण धुराची नळी आमच्या बिछान्याच्या खालींच होती. शिवाय रात्रीं तळावर शांतता राखण्याचा नियम. होतीं नव्हतीं तेवढीं पांघरुणें तिघांनीं वांटून घेतलीं. चिरंजीवांनीं उशांचा तक्क्या करून आईस उजव्या कुशीवर निजविलें, कारण उताणें निजल्यास हा विकार बळावतो.

आम्ही उशाशीं बसून राहिलों. तिच्या श्वासाचा आवाज थांबला, कीं मनांत अंक मोजावे. दहा, बारा, पंधरा. मग एक दीर्घ उसासा येई आणि पुन्हां श्वास लागे. वीस झाले, कीं खांद्यास हात लावून हालवावें. छत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत हजेरी घेतली. परंतु एकाच नांवाची हजेरी रात्रभर घेण्याचा प्रसंग तो पहिलाच होता. एकदां तर अठ्ठावीसपर्यंत मोजणें झालें, आणि हात पुढें करण्याइतकाही धीर राहिला नाहीं. शेवटीं खिडकींतून उजेड आला, आणि तिनें स्वतःच विचारिलें, “तुम्ही निजलां नाहींत वाटतें?” थंडीमुळें झोंप लागली नाहीं, असें आम्हीं सांगितलें.

सकाळीं परीक्षा सुरू झाली. संस्कृत शास्त्रकारांचा सूचीकटाह न्याय प्रसिद्ध आहे. लोहाराकडे एकानें सुई व दुसऱ्यानें कढई करावयास दिली, तर तो सुई आधीं करतो. लहान काम अगोदर उरकावें, मोठें मागाहून. दोष शोधतांनाही हाच क्रम श्रेयस्कर आहे. म्हणून प्रथम फ्यूज पाहिले, मग तारांचे फांसे हालवून पाहिले, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे काय तें पाहिलें. तीं ठीक होतीं. मग बॅटरीचा दाब मोजला. सूर्य वर येऊन टपावरील सौरपत्रा काम करूं लागल्यावर आंकडा १३ च्या वर दिसूं लागला, आणि सौ.नें समाधानानें निःश्वास सोडला. परंतु वीज भरली जात असतांना दिसणारा आंकडा हा घटाचा नव्हे, भरणाऱ्याचा असतो. सौरपत्रा तोडून व घटिकाभर थांबून पाहिलें, तों १२.३ भरले. हेंही वाईट नव्हे असें वाटलें. पण भट्टीचा पंखा चालू करतांच पांच मिनिटांच्या आंत आंकडा ११ च्या खालीं कोसळला.

शेजारच्या तळावर एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ उतरले होते. त्यांनीं आपल्या पेटींतून अम्लाची घनता मोजण्याची कांचेची नळी आणून दिली. स्वयंपाकांत स्थालीपुलाक न्याय चालतो. भाताचें एक शीत दाबून पाहिलें, कीं सगळें पातेलें कळतें. बॅटरीस हा न्याय लागू पडत नाहीं. तिच्या सहाही घरांची परीक्षा वेगवेगळी घ्यावी लागते, कारण एक घर मेलें तरी तें इतर पांचांस निकामी करूं शकतें. पूर्ण भरलेल्या घरांत घनता १.२६५ च्या आसपास असावी. पहिल्या बॅटरींत पांच घरें बरीं होतीं, आणि सहाव्यांत १.१२० च भरली. दुसऱ्या बॅटरीचीं सर्वच घरें दुबळीं. निदान पुरें झालें. अशा घटांस औषध नसतें. ते बदलावेच लागतात, आणि दोन्ही एकदम. एकच बदलला, तर नवा जुन्याला ओढूं लागतो व थोड्याच दिवसांत त्याच्यासारखाच होतो. थकलेल्या बैलाच्या जोडीला तरणा बैल जुंपला, तर पहिला तर चालत नाहींच, दुसऱ्याचाही खांदा मात्र जातो.

बेकरहून ६० हून अधिक मैलांवर ईली हें गांव आहे. तांब्याच्या खाणींमुळें तें वाढलें, आणि तेथील जुनी खाणरेल्वे वाफेच्या इंजिनांसह आज प्रेक्षणीय वस्तु म्हणून जपली जाते. त्या टापूंतील हें मोठें गांव. बॅटऱ्या मिळतील तर तेथेंच. दुकानांत गेल्यावर चार पर्याय पुढें आले, आणि घरबसल्या जो निर्णय सोपा वाटतो तो प्रवासांत कसा अवघड होतो, हें तेव्हां कळलें.

पहिला पर्याय जुन्यासारख्याच पातळ अम्लाच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा. त्या सर्वांत स्वस्त. परंतु त्यांत वेळोवेळीं शुद्ध पाणी घालावें लागतें, आणि वीज भरतांना त्यांतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. दुसरा, गोल्फच्या मैदानांवरील गाड्यांना लावतात त्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढें एक जोडण्याचा. त्या कणखर खऱ्या, परंतु उंच असतात. कप्प्याचें झांकण त्यांवर बसेना. तिसरा पर्याय एजीएम जातीचा. हींत अम्ल कांचेच्या तंतूंच्या गादींत शोषून ठेवलेलें असतें, त्यामुळें तें सांडत नाहीं, पाणी घालावें लागत नाहीं, आणि खडबडीत रस्त्यांचे हिसके ती बरे सोसते.

चौथा पर्याय लिथियमचा. १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लोह व फॉस्फेट यांच्या योगानें लिथियमचा घट करतां येतो हें दाखविलें. याच गुडइनफांना लिथियम घटांवरील कार्याबद्दल २०१९ मध्यें वयाच्या ९७ व्या वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. एवढ्या वयांत तें मिळविणारे ते पहिलेच. या जातीची बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी वजनाची असते. शिशाची बॅटरी अर्ध्याखालीं उतरवूं नये असा दंडक आहे. ही बहुतेक सगळी वापरली तरी चालते. एवढे गुण ऐकून कोणासही मोह पडावा. परंतु पाणी गोठण्याच्या तपमानाखालीं तींत वीज भरूं नये, नाहीं तर तिची कायमची हानि होते, आणि आमचे पुढचे मुक्काम उंचावरचे व थंडीचे. शिवाय ती इतक्या अधाशीपणानें वीज ओढते, कीं मधें नियंत्रक न बसवितां ती इंजिनाच्या जनित्राला जोडल्यास जनित्र तापून बिघडूं शकतें. आणि जुना चार्जरही बदलावा लागतो. म्हणजे दोन पेट्या बदलावयास जावें आणि सगळें घर उकलावें, अशांतली गत. जें दुरुस्त करावयाचें तें संपूर्ण व्यवस्थेकडे पाहून करावें, आणि प्रवासांत तर हातच्या व्यवस्थेशीं जें जुळेल तेंच घ्यावें, असा विचार करून चिरंजीवांनीं एजीएमची जोडी पसंत केली. घेतांना बॅटरीवरील निर्मितीचा महिना मात्र पाहून घेतला. कारण दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असूं शकते.

बदलण्याची क्रिया चिरंजीवांनीं दुकानाच्या आवारांतच उरकली. तिचा क्रम सांगून ठेवण्यासारखा आहे. प्रथम हातांतील आंगठी व घड्याळ काढावें, डोळ्यांस चष्मा लावावा. आंतील सर्व उपकरणें बंद करावीं व सौरपत्र्याची तार आधीं तोडावी. मग तारांचें एक छायाचित्र काढून ठेवावें. स्मरणशक्तीवर विसंबूं नये. सोडतांना ऋण टोंकाची तार अगोदर व धन टोंकाची मागाहून सोडावी. जोडतांना उलट, धन आधीं व ऋण शेवटीं. याचें कारण असें, कीं ऋण टोंक वाहनाच्या लोखंडी अंगाशीं जोडलेलें असतें. तें आधीं सोडलें, म्हणजे धन टोंकाची चाकी फिरवितांना पाना चुकून लोखंडास टेंकला तरी ठिणगी उडत नाहीं. तारांचे फांसे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवून कोरडे करावे. एकेक बॅटरी २५ ते ३० किलोग्रॅम भरते. ती कंबर वाकवून नव्हे, तर गुडघे वाकवून उचलावी. सर्व जोडल्यावर सौरपत्र्याची तार लावावी, आणि चार्जरवर व सौरनियंत्रकावर नव्या जातीची खूण करावयास विसरूं नये. पाऊण तासांत काम संपलें. दोन्हींची मिळून किंमत पांचशें डॉलरांहून थोडी अधिक पडली.

त्या संध्याकाळीं आम्हीं कागद घेऊन जमाखर्च मांडला. आमच्या मतें नव्या बॅटरीपेक्षांही याचा उपयोग अधिक झाला. दोन बॅटऱ्या मिळून २०० ॲम्पिअर-तास. त्यांतील निम्मे, म्हणजे १००, एवढेच खर्चावयाचे. भट्टीचा पंखा ७ ॲम्पिअर घेतो. दहा तासांच्या रात्रींत तो एकतृतीयांश वेळ चालला, तर सुमारें २३ लागतात. दिवे, पंप व इतर किरकोळ मिळून १०. सौ.चें यंत्र हवा दमट करण्यासाठीं पाणी तापवितें, व इन्व्हर्टरवरून चालतें. आठ तासांस त्याला ३६ लागत. एकूण ६९. सौरपत्रा १६० वॅटचा. सप्टेंबरच्या उन्हांत त्याची दिवसाची कमाई ४० ते ४५. म्हणजे खर्च मिळकतीच्या दीडपट! असा संसार नव्या घटांवरही फार दिवस चालावयाचा नाहीं. मग चिरंजीवांनीं दुकानांतून त्या यंत्राला सरळ १२ व्होल्टवर चालविणारी तार आणली, आणि पाणी तापविणें बंद केलें. यंत्राचा खर्च ३६ वरून १० वर आला, व एकूण खर्च ४३ वर. त्या रात्रीं यंत्र सकाळपर्यंत अखंड चाललें. सौ.नें उठल्यावर घसा कोरडा पडल्याची तक्रार केली, ती आम्हांस फार गोड वाटली.

एका गोष्टीचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. नव्या बॅटऱ्या घेतांना दुकानदारानें प्रत्येकीमागें कांहीं रक्कम अनामत म्हणून लावली, आणि जुन्या आणून देतांच ती परत केली. या पद्धतीमुळें अमेरिकेंत शिशाच्या जवळजवळ सर्व बॅटऱ्या कारखान्यांत परत जातात, आणि त्यांतलें शिसें वितळून पुन्हां नव्या बॅटऱ्यांत येतें. आपल्याकडेही या बाबतींत २००१ सालीं नियम झाले, आणि २०२२ सालीं त्यांच्या जागीं नवे व अधिक व्यापक नियम आले. जुनी बॅटरी अधिकृत मार्गानेंच परत गेली पाहिजे, असें ते सांगतात. तरीही दारावर येणाऱ्या भंगारवाल्यास चार रुपये अधिक मिळतात म्हणून ती देण्याची प्रवृत्ति आहे. अशी बॅटरी कोठें तरी उघड्यावर फोडली जाते, अम्ल गटारांत जातें, शिशाचा धूर वस्तींत पसरतो. शिसें मुलांच्या मेंदूस अपाय करतें. आपल्या घरची बॅटरी कोणाच्या मुलांच्या श्वासांत जाणार आहे, याचा विचार ती देण्यापूर्वीं व्हावयास हवा.

घरच्या इन्व्हर्टरविषयीं दोन शब्द सांगावयाचे राहिले. दर दोनतीन महिन्यांनीं पाण्याची पातळी पाहावी, आणि कमी झाली असल्यास केवळ शुद्ध केलेलें पाणीच घालावें. नळाचें घालूं नये, कारण त्यांतील क्षार पत्र्यांवर बसतात. अम्ल तर घरीं कधींच घालूं नये. पुष्कळ घरांत जागेच्या अडचणीमुळें बॅटरी देवघराशेजारीं किंवा स्वयंपाकघरांत ठेवलेली आढळते. वीज भरली जात असतां तिच्यांतून निघणारा वायु पेट घेणारा आहे. समईच्या व निरांजनाच्या जवळ तिची जागा नव्हे. ती वारा खेळेल अशा ठिकाणीं असावी. आणि वर्षांतून एकदां, वीज गेलेली नसतांना, मुद्दाम मुख्य बटण बंद करून घरचे दिवे-पंखे तिच्यावर तासभर चालवून पाहावे. विसावलेल्या घटाचा आंकडा फसवा असतो. भार पडल्यावर जो टिकतो तोच खरा. ज्या घरांत कोणी आजारी माणूस एखाद्या यंत्राच्या आधारानें निजतें, त्या घरानें तर ही परीक्षा चुकवूं नये, आणि यंत्राला घटाशीं सरळ जोडणारी तार मिळते काय, याची चौकशी आजच करावी.

चिरंजीवांनीं नव्या बॅटऱ्या कप्प्यांत बसविल्या, तेव्हां त्यांवर पांढऱ्या रंगानें त्या दिवसाची तारीख ठळक लिहिली. पुढेंमागें तें वाहन दुसऱ्या कोणाच्या हातीं गेलें, तरी घटांचें वय त्यास विचारावें लागणार नाहीं. आमच्या वाचकांनींही आपल्या घरच्या बॅटरीवर अशी तारीख घालावी, एवढीच आमची विनंति आहे.